नाही म्हणायची नोकरी

किरिबास या बेटदेशात, तारावाच्या खाडीतून शेवटचं जहाज गेलं त्या दिवशी तेवाता दुपारी जेवायला घरी आली, तर नवरा तिच्या आधीच येऊन बसलेला. इओतेबा बेशिओ बंदरात पायलट बोट चालवायचा. परदेशी जहाजांना खडकांमधून वाट दाखवत आत आणायचं आणि बाहेर सोडायचं, हे त्याचं काम. असा माणूस भर दुपारी घरात चटईवर पाय पसरून बसलेला दिसला की समजावं, एक तर तो आजारी आहे, नाहीतर बंदर.

"गेली सगळी," तो म्हणाला.

"सगळी?"

"एक राहिलं होतं, त्यालाही मीच बाहेर सोडून आलो. खाडी कशी दिसतेय माहितेय? बिऱ्हाड उठून गेल्यावर घर दिसतं तशी." त्याने भातावर मासा वाढून घेतला, पण हात लावला नाही. "बंदरावर लोक मला विचारतायत, तुझ्या बायकोनं आमच्या पोटावर पाय का दिला म्हणून."

"मी नाही दिला. त्यांनी दर पाडून मागितला. आपण नाही म्हणालो."

"आपण?" इओतेबा हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "अख्ख्या तारावाला ठाऊक आहे कोण नाही म्हणालं ते."

ते खरंच होतं. तेवाता राष्ट्राध्यक्षांची आर्थिक सल्लागार होती. तारावावरच्याच बाईरिकीला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली होती, आणि त्या खोलीत बसून तिने आजवर तीन राष्ट्राध्यक्ष पाहिले होते. लोक तिला मागून ‘नाहीबाई’ म्हणायचे. तिच्या कानावर ते यायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मूळची ती बेरूची. दक्षिणेचं दुष्काळी बेट, माणसं वाकडी पण सरळ बोलणारी. बाप परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. एका सफरीवर गेला तो परत आलाच नाही. आईने चटया विणून घर चालवलं. पोर अभ्यासात बरी निघाली, पण तारावाच्या मोठ्या शाळेत पाठवायचं म्हणजे बोटीचं भाडं, कपडे, चपला. तेव्हा तिचा मामा, कायराके, गावात घरोघर गेला आणि त्याने बुबूसी केली. बुबूसी म्हणजे आपल्या माणसाने तोंड उघडून मागणं. आमच्याकडे असं मागितलं की द्यावं लागतं. जो देत नाही त्याची मान गावात पुन्हा वर होत नाही, आणि जो मागतो त्यालाही ते फुकट पडत नाही, कारण उद्या त्याच्या दारात कोण येईल आणि काय मागेल हे त्याच्या हातात नसतं. कायराकेने भाचीसाठी सगळ्या गावाचं देणं असं डोक्यावर घेतलं. कुणी खोबऱ्याची पोती दिली, कुणी डुक्कर दिलं, एका म्हाताऱ्याने तर आपली सायकल काढून दिली. तेवाता शाळेत गेली, तिथून परदेशी, सुवाच्या विद्यापीठात, तिथून कॅनबेराला, आणि परत येऊन अर्थखात्यात खालच्या टेबलावर बसली.

सल्लागार ती झाली ती अपघातानेच म्हणायची. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना बेटाबेटांमध्ये फिरायला एक मोठं जुनं जहाज घ्यायचं होतं, आणि त्यासाठी देशाच्या गंगाजळीत हात घालायचा होता. खोलीभर अधिकारी माना डोलावत होते. तेवाता मागे उभी होती, साहेबाच्या पिशव्या सांभाळायला नेलेली. राष्ट्राध्यक्षांनी सहज विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" आणि हिने म्हटलं, "घेऊ नये."

"तू कुठल्या बेटाची?"

"बेरूची, साहेब."

"बेरूची माणसं सगळी एवढी हट्टी असतात?"

"पाणी कमी आहे आमच्याकडे. विहिरीत पोहरा टाकायच्या आधी आम्ही वाकून बघतो."

खोलीतले सगळे छताकडे बघायला लागले. राष्ट्राध्यक्ष मात्र तिच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "या देशात कुणी कुणाला नाही म्हणू शकत नाही. मला तर कुणीच म्हणत नाही. तू उद्यापासून वर येऊन बस." जहाज घेतलं गेलं नाही, आणि तेवाताची नोकरी ठरली.

आता हे तिसरे राष्ट्राध्यक्ष. पूर्वीचे शाळामास्तर, अंगाने थोराड, आवाजाने मऊ. निवडणूक वर्षावर आलेली.

किरिबासकडे विकायला फार काही नाही. खोबरं आहे, आणि समुद्र आहे. त्या समुद्रात कुपा मासा फिरतो आणि तो पकडायला दूरदूरच्या देशांची जाळ्यांची जहाजं येतात. ती आमच्याकडून दिवस विकत घेतात: एवढे दिवस तुमच्या पाण्यात जाळं टाकू, दिवसाला एवढे डॉलर. पूर्वी कंपन्या एका बेटाला दुसऱ्याच्या दराची भीती घालायच्या आणि सगळीच बेटं स्वस्तात जायची. शेवटी शेजारचे बेटदेश एकत्र बसले, एका ताटात जेवले आणि शब्द दिला, की अमुक दराखाली कुणीही दिवस विकायचा नाही. त्या बैठकीत आमच्या बाजूने तेवाता होती.

कंपन्यांना हे झोंबलं. सगळ्यात मोठ्या कंपनीचा माणूस पेनिंग नावाचा होता. गोरा, पण इतकी वर्षं इथे काढलेला की आमची भाषा आमच्यासारखी बोलायचा, बैठकीत मांडी घालून बसायचा, म्हाताऱ्यांच्या विनोदांना बरोबर जागी हसायचा. तो तेवाताच्या खोलीत आला आणि म्हणाला, "बाई, दर थोडा खाली घ्या. मी वर्षाचे सगळे दिवस एकदम घेतो, पैसे आधी. आणि वर एक भेट. बेरूला बर्फाचा कारखाना."

"बेरूलाच का?"

"तिथले मासे तारावाला येईपर्यंत सडतात म्हणून. तुम्हालाच माहीत."

"मला एवढंच माहीत आहे की मी बेरूची आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे."

पेनिंग हसला, उठला, दारात थांबून म्हणाला, "जहाजं कुठेही जाऊ शकतात, बाई. बेटं जाऊ शकत नाहीत."

आणि जहाजं गेली. त्याची गेली, पाठोपाठ बाकीच्यांचीही गेली.

पहिले काही दिवस लोक थट्टा करत होते. मिनीबसमध्ये तेवाता चढली की कुणीतरी मागून म्हणायचं, "नाहीबाई, आज बसला तरी हो म्हणा!" मग थट्टा आटली. बंदरावरच्या हमालांचं काम थांबलं, जहाजांना पाणी नि भाजी पुरवणाऱ्यांची दुकानं ओस पडली, आणि सरकारच्या तिजोरीत येणारा ओघ थांबल्यामुळे बाहेरच्या बेटांवरच्या मास्तरांचे पगार लांबले. चर्चमध्ये प्रार्थनेत पाद्री म्हणाला, "देवा, आमच्या राज्यकर्त्यांचा अहंकार दूर कर," आणि रांगांमधल्या सगळ्या माना एकदम तेवाताकडे वळल्या. तिने डोळे मिटून घेतले. शेजारी उभ्या इओतेबाने हात छातीशी बांधले आणि तो तिच्यापासून अर्धं पाऊल सरकला. कुणाला दिसलं नसेल, पण तिला कळलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तूसुद्धा?"

"मी काय केलं?"

"सरकलास."

तो चटईवर बसला. मग म्हणाला, "माझ्या बोटीवरची माणसं माझ्याशी बोलत नाहीत. सबंध दिवस आम्ही बोटीला रंग देतो. रंग संपला, तर खरवडून पुन्हा देतो. तुला खात्री आहे ना, तेवाता? नुसतं एवढं सांग, की खात्री आहे."

तिला हो म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली. "पण दुसरा रस्ता याहून वाईट आहे याची आहे."

"वा," इओतेबा म्हणाला. "बंदरावर जाऊन सांगतो हे. सगळे खूश होतील."

त्याच आठवड्यात अफवा उठली, की उत्तरेकडच्या शेजारी देशाने गुपचूप सही केली. शब्द मोडला, दर पाडला, जहाजं तिकडेच गेली आहेत. बाईरिकीच्या कार्यालयात जो तो हेच बोलत होता. तेवाताने दार लावून घेतलं आणि जेल्टनला फोन केला. जेल्टन तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार. सुवाला दोघं एकाच वर्गात होते.

"जेल्टन, खरं सांग. सही केलीत?"

पलीकडून खरखरीतून आवाज आला. "आमचं बंदर म्हणतंय, तुम्ही केलीत."

"आम्ही नाही केली."

"आम्हीही नाही."

प्रत्येकजण दुसऱ्याचा श्वास ऐकत होता.

"तेवाता, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. पण आमचा मंत्री डगमगतोय. तुमच्याकडून उद्या बातमी आली, तर इथली सही त्याच दिवशी होईल."

"आणि तुमच्याकडून आली तर आमची."

"मग?"

"रोज फोन करायचा. सकाळी तू, दुपारी मी."

"आणि मी खोटं बोललो तर?"

"वसतिगृहात माझ्या ताटातला मासा चोरायचास, तेव्हा तू तोंड उघडायच्या आधी मला कळायचं. अजून कळेल."

तो हसला. तिने फोन ठेवला. कळेल, असं म्हणाली खरी. पण माणूस स्वतःच्या मनाने खोटं बोलत नसतो. वरून कुणी लादलं तर तो काय करणार?

आणि मग कायराकेमामा आला.

रविवार होता, दुपार कलती. बेरूची बोट आदल्या दिवशी लागली होती. मामाबरोबर गावातले दोन म्हातारे होते: एक उंच, एका डोळ्याने अधू, दुसरा तोच, ज्याने तिच्या शाळेसाठी सायकल दिली होती. त्यांनी अळूचे मोठे कंद आणि नीरेच्या पाकाची बाटली आणली होती. तेवाताने नवी चटई अंथरली, मासे तळले, नीरफणस भाजला. म्हातारे सावकाश जेवले. दुष्काळाचं बोलले, कुणाचं लग्न ठरलं ते बोलले. इओतेबा कोपऱ्यात उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या येण्यामागे काहीतरी आहे, याचा त्यालाही वास आला होता.

जेवण आटोपल्यावर मामाने हात धुतले, लुंगीला पुसले आणि तो ताठ बसला.

"तेवाता, आम्ही मागायला आलोय."

तेवाता त्याच्यासमोर बसली. "बोला, मामा."

"राष्ट्राध्यक्षांना सांग, कंपनीचं म्हणणं मान्य करा. आमच्या गावाला बर्फ पाहिजे. आमची पोरं मासे मारतात आणि ते वाळूत पुरतात. ही बेरूची बुबूसी आहे. मी एकट्याने नाही, सगळ्या गावाने मला पाठवलंय."

"मामा, माझ्याकडे जे आहे ते तुमचं आहे. हे घर घ्या. बेरूची माझ्या वाट्याची जमीन घ्या, माड घ्या. पण सही माझी नाही हो. ती त्यांची."

"सही कुणी मागितली?" एका डोळ्याचा म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "तुझा शब्द मागतोय आम्ही. शब्द तर तुझा आहे ना? की तोही कॅनबेराहून उसना आणलायस?"

मामाने त्याला हाताने थांबवलं. "पोरी, मी तुझ्यासाठी गावात दारोदार गेलो होतो. या म्हाताऱ्याने सायकल दिली, आणि पुढे कितीतरी वर्षं तो पायी चर्चला गेला. आजवर आम्ही तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतोय. एकदाच."

सायकलवाला म्हातारा खाली बघत राहिला. त्याला हे बोलणं आवडलं नव्हतं असं तिला वाटलं, पण तोही उठला नाही.

बाहेर शेजाऱ्याचं डुक्कर दाव्याला हिसके देत होतं. तेवाताला नाही म्हणता येत नव्हतं. तीन राष्ट्राध्यक्षांना नाही म्हणालेल्या बाईच्या घशातून तो एक शब्द निघेना.

"सांगते," ती शेवटी म्हणाली. "तुमचा शब्द जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवते."

मामाने मान हलवली. म्हातारे उठले. इओतेबाने त्यांना बसपर्यंत सोडलं आणि परत येऊन तो दारातच थांबला. "आता?" त्याने विचारलं.

"आता माझी दोन तोंडं झाली," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

सोमवारी ती सरळ राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेली. ते पंख्याखाली बसून शहाळं पीत होते.

"साहेब, कंपनीचं म्हणणं मान्य करा. दर सोडा."

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "काय?"

"हे बेरूच्या लोकांनी माझ्याकडून मागितलं. माझ्या मामाने. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून ते मी सांगितलं. ते झालं. आता सल्लागार म्हणून विचारा."

"विचारलं."

"सोडू नका. एकदा सोडलात तर पुढच्या वर्षी ते आणखी खाली मागतील, आणि तेव्हा शेजारी आपल्याबरोबर नसतील. पण साहेब, या बाबतीत आता तुम्ही माझं ऐकू नये. माझ्या घरातूनच मागणं आलंय. दुसऱ्या कुणाला तरी बसवा. हवं तर मी आजच खोली रिकामी करते."

राष्ट्राध्यक्ष उठून खिडकीशी गेले. खालच्या रस्त्यावर काही मास्तर पगारासाठी येऊन बसले होते. आरडाओरडा नव्हता, नुसते सावलीत बसले होते, आणि तेच जास्त अवघड होतं.

"सोपं आहे हे," ते म्हणाले. "तू खोली रिकामी करणार, मामापुढे तुझी मान वर, आणि इथे मी एकटा. नाही. मला बेरूहून आमंत्रण आहे. मी जाणार, आणि तू माझ्याबरोबर येणार. मला जे सांगितलंस ते तुझ्या गावापुढे सांग."

"तिथे बायका बोलत नाहीत, साहेब. म्हातारे बोलतात."

"मग ते काय म्हणतात ते बघू."

छोटं विमान बेरूच्या माळावर उतरलं तेव्हा ऊन रणरणत होतं. गावाच्या मनेआबात, सभेच्या त्या अवाढव्य शाकारलेल्या छपराखाली, सगळं गाव बसलं होतं. प्रत्येक घराणं आपापल्या ठरलेल्या जागी, पुढे म्हातारे, मागे बायका-मुलं. राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला, नाच झाला, जेवण झालं. मग ते म्हणाले, "जहाजांचं तुम्ही विचारताय. उत्तर माझ्या सल्लागार देतील. त्या तुमच्याच आहेत. तुमची परवानगी असेल तर."

कुजबूज उठली आणि विरली. परवानगी द्यायची ती घराण्याच्या वडिलाने, म्हणजे कायराकेने. तो खांबाला टेकून बसला होता. तेवाता त्याच्या मागे, बायकांमध्ये. तो वळला नाही. मग तो किंचित बाजूला सरकला, एका माणसापुरती जागा झाली, आणि तो समोर बघतच म्हणाला, "बोल. तोंड तुझं आहे."

ती पुढे येऊन बसली. पोलक्याची चुणीदार बाही तिने उगाच ओढली.

"मी मामाचा शब्द साहेबांना पोचवला," ती म्हणाली. "मग माझा सांगितला. माझा शब्द होता, देऊ नका. का ते सांगते. आपण शेजारच्या बेटांबरोबर एका ताटात जेवलो, आणि त्यांनी आपल्याकडे मागितलं, दर सोडू नका. ती बुबूसी आधीची आहे. तिला हो म्हणून बसलो आपण. आणि कंपनीचं काय? ती आज कारखाना देईल. उद्या तो बंद पडला, तर कुणाकडे जाल? कंपनीकडे बुबूसी करता येते का? तिला कुठे मामा आहे, कुठे गाव आहे, की जिथे तिची मान खाली जाईल?"

मागे एक-दोन बायका हसल्या आणि पटकन गप्प झाल्या.

एका डोळ्याचा म्हातारा म्हणाला, "छान बोलतेस. पण बोलण्याचा बर्फ होत नाही. एवढंच सांग, जहाजं परत येतील?"

राष्ट्राध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सरळ विनंती होती. येतील म्हण, बाई. एकदा म्हण.

"माहीत नाही," तेवाता म्हणाली.

राष्ट्राध्यक्षांनी डोळे मिटले. गावभर एक सुस्कारा फिरला. तेव्हा कायराके उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"या मुलीसाठी मी तुम्हा सगळ्यांकडे मागणं केलं होतं. तुम्ही दिलंत. तिने मात्र आपल्याला दिलं नाही. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो." आणि तो मनेआबातून बाहेर चालता झाला. त्याच्या घराण्याची माणसं एकेक करून त्याच्यामागे उठली. त्या जागेवर तेवाता एकटी उरली. विमानापर्यंत तिच्याबरोबर कुणी चाललं नाही. फक्त सायकलवाला म्हातारा वाटेत उभा होता. त्याने एक शहाळं तिच्या हातात दिलं आणि काही न बोलता तो परत फिरला. विमानात ते मांडीवर घेऊन ती रडली. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या खिडकीतून समुद्र बघत राहिले, आणि तिला बरं वाटलं की त्यांनी समजूत काढली नाही.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. जेल्टनचा फोन एका सकाळी आला नाही. दुपारी तिने केला, कुणी उचलला नाही. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी तिला बोलावून विचारलं, "तुझा मित्र?" "लागत नाही, साहेब." "पेनिंग उद्या सकाळी येतोय." "येऊ द्या." "मी काय सांगू त्याला?" ती म्हणाली, "सकाळपर्यंत थांबा." दुसऱ्या दिवशी पेनिंग खाली जिन्याशी उभा असताना फोन वाजला. जेल्टनच होता, तिकडे वादळाने तारा तुटल्या होत्या. "नाही केली," तो ओरडून सांगत होता, "ऐकू येतंय का? मंत्र्याला समजावलंय. नाही केली!" तेवाता फोन तसाच टाकून पळत राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेली. पेनिंग आत गेला आणि शहाळं पिऊन, हसत हसत, रिकाम्या हाताने बाहेर आला.

मग पाणी तापलं. त्या मोसमात समुद्र असा फिरला की कुपा मासा पूर्वेला सरकला, थेट आमच्या पाण्यात. आधी एका दुसऱ्याच छोट्या कंपनीचं जहाज आलं, पूर्ण दर देऊन. त्याला आत आणायला इओतेबा गेला आणि परतताना बोटीचा भोंगा वाजवत आला. मग आणखी आली. पेनिंगची सगळ्यात शेवटी.

लोक नाचले. रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचं कौतुक झालं. पगार झाले. इओतेबाने घरी डुक्कर कापलं, बोटीवरच्या सगळ्यांना बोलावलं, आणि सगळे गेल्यावर हळूच विचारलं, "मासा इकडे आला नसता तर?"

"तर आज मी कुठेतरी खोबरं फोडत असते. आणि तू रंग खरवडत."

निवडणूक राष्ट्राध्यक्ष तरीही हरले, वेगळ्याच भांडणावरून. नवीन आलेल्यांनी तिला ठेवली. वाढलेल्या दरातून सरकारने बर्फाचे कारखाने बांधायला घेतले आणि पहिला कुठे, असं विचारल्यावर तिने बेरूचं नाव घेतलं नाही. तिथे जेटी नव्हती, वीज नव्हती. आधी दुसरी बेटं होती. ती बातमी बेरूला पोचली. त्यानंतर, काही वर्षांपूर्वी वारलेल्या आईच्या दरवर्षीच्या प्रार्थनेलासुद्धा मामाकडून निरोप आला नाही.

काही वर्षांनी कायराकेला छातीचं दुखणं घेऊन तारावाच्या इस्पितळात आणलं. तेवाता रोज डबा घेऊन जायची. तो जेवायचा, भिंतीकडे तोंड करून. ती ताटली धुवायची, बसायची, निघायची. असंच चाललं होतं. एका सकाळी ती निघाली तेव्हा मागून आवाज आला.

"तुझ्या नवऱ्याची ती निळी लुंगी. फुलांची. मला पाहिजे."

ती दारात थांबली. ही लुंगी इओतेबाने नुकतीच, हौसेने घेतलेली. मामा मागत होता. इतक्या वर्षांनी, आपल्या माणसाकडे मागतात तसं.

"आणते," ती म्हणाली.

"आत्ता."

ती घरी गेली आणि लुंगी अक्षरशः नवऱ्याच्या कमरेवरून सोडवून घेऊन आली. इओतेबा टॉवेल गुंडाळून ओरडत राहिला. मामाने लुंगी पांघरुणावर पसरून बघितली. मग तिच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मनेआबात तुझे पाय कापत होते का?"

"हो, मामा."

"कळत होतं. मी तुझ्याकडे बघितलं नाही, पण चटई हलत होती." तो हसायला गेला आणि खोकत सुटला. तिने त्याला पाणी दिलं. "बर्फ कधी येणार?"

"आधी जेटी. मग वीज. अजून बराच वेळ आहे."

"हो म्हणायला काय जातंय तुझं?" म्हातारा म्हणाला. "मरणाऱ्या माणसाला तरी?"

"तुम्ही काही मरत नाही."

तो खरंच मेला नाही. दोन पावसाळे आणखी जगला, निळी लुंगी नेसून. जेटी झाली, बर्फ त्याला बघायला मिळाला नाही. तेवाता तो गेल्याची बातमी आल्यावर बेरूला गेली, घराण्याच्या जागेवर बायकांमध्ये बसली, आणि कुणी तिला उठवलं नाही. तिथून परत आली त्या सोमवारी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना सरकारी तिजोरीतून द्यायचा खोबऱ्याचा भाव दुप्पट करायचा होता. त्यांनी तिला बोलावणं पाठवलं. तिने चपला दारात काढल्या आणि ती आत गेली.